एका सदऱ्याचे गणित

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतील चार मुले माझ्या घरी आली. दोन मुली आणि दोन मुलगे, चौघेही नववीतले. हातात एक दोनशे पानी वही. त्यांच्यातली एक म्हणाली, "सर, आम्ही एक धंदा काढतोय. तुम्ही जरा हिशेब तपासून द्या."

धंदा असा होता. कोल्हापुरात घरोघरी ट्रंकांमध्ये जुन्या सुती साड्या पडून असतात. त्या गोळा करायच्या, त्यांची तान्ह्या बाळांसाठी झबली शिवायची, ती विकायची आणि जो नफा होईल त्यातून जवळच्या एका वसतिगृहातील मुलांना गणवेश घेऊन द्यायचे. ज्या गावात शाहू महाराजांनी १९०१ साली गरीब विद्यार्थ्यांसाठी पहिले वसतिगृह काढले, त्या गावातील मुलांना असे सुचावे याचा मला आनंद झाला. कापड वाया जात नाही, बाळाला मऊ कपडा मिळतो, गरजू मुलाला गणवेश मिळतो. कोणाचेच नुकसान नाही!

वहीतला हिशेबही सोपा होता. एका झबल्याची किंमत ६० रुपये. कापड फुकट. दोरा, नाडी आणि बटण मिळून ८ रुपये. नफा ५२ रुपये. चाळीस झबली विकली की २,०८० रुपये, म्हणजे तीन गणवेश!

"आणि शिवणार कोण?" मी विचारले.

"शेजारच्या काकू. त्यांच्याकडे मशीन आहे."

"मग त्यांची मजुरी कुठे लिहिली आहे?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिले. मग एक मुलगा म्हणाला, "त्या पैसे मागणार नाहीत, सर. चांगल्या कामासाठी आहे म्हटल्यावर त्या नाही कशाला म्हणतील?"

ह्या काकू साड्यांना फॉल लावून आणि बीडिंग करून घर चालवतात. त्या खरोखरच नाही म्हणाल्या नसत्या. मुलांच्या हिशेबातील अडचण नेमकी तिथेच होती. मी त्यांना म्हणालो, "हिशेब उद्या पाहू. आज तुम्हांला एका सदऱ्याचे गणित सांगतो." तेच गणित आज तुम्हांलाही सांगणार आहे.

कापसाचा पुंजका आणि घर्षण

घरातून कापसाचा एक लहानसा पुंजका घ्या. दोन्ही टोके चिमटीत धरून हलकेच ओढा. पुंजका लांबतो, विरळ होतो आणि तुटतो. आता तसाच दुसरा पुंजका घ्या, पण ओढता ओढता तो एका बाजूने पिळत राहा. तयार झालेला धागा ओढून तोडायला आता चांगलाच जोर लावावा लागेल.

कापूस तोच, मग बळ आले कोठून? कापसाचा एक तंतू जेमतेम अडीच ते तीन सेंटीमीटर लांब असतो. धागा म्हणजे अशा असंख्य आखूड तंतूंची जुडी. ते एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून त्यांच्यात घर्षण हवे आणि घर्षण वाढवायचे तर त्यांना एकमेकांवर दाबायला हवे. हे दाबण्याचे काम पीळ करतो. पिळलेला धागा ओढला की बाहेरचे तंतू आतल्या तंतूंना आवळतात. ओढ जितकी जास्त, तितकी आवळ जास्त. अर्थात याला मर्यादा आहे. पीळ फार झाला की धागा गुंतून वळकट्या पडतात आणि शेवटी तो तुटतो.

किती पीळ द्यावा याचा एक ढोबळ नियम गिरण्यांत वापरतात. तो समजण्यासाठी आधी सुताचा 'नंबर' म्हणजे काय ते पाहू. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा नंबर. २० नंबरचे सूत म्हणजे एका पौंडात ८४० × २० = १६,८०० वार. नंबर मोठा तितके सूत बारीक. आता नियम असा: सुताच्या नंबराचे वर्गमूळ काढा आणि त्याला सुमारे ४ ने गुणा. येईल तेवढे फेरे दर इंचाला द्या. २० चे वर्गमूळ ४.४७, त्याची चौपट सुमारे १८. म्हणजे २० नंबरच्या सुताला प्रत्येक इंचात १८ फेरे पीळ हवा.

सदऱ्यात किती किलोमीटर सूत?

आता तुमच्या अंगातील सदरा घ्या. त्याला सुमारे २०० ग्रॅम कापड लागते असे धरू. सूत २० नंबरचे असेल, तर २०० ग्रॅममध्ये सुमारे ७,४०० वार सूत बसते. वार म्हणजे ०.९१४ मीटर. म्हणजे एका सदऱ्यात पावणेसात किलोमीटरहून अधिक लांबीचे सूत आहे! कोल्हापूर ते पन्हाळा हे अंतर साधारण वीस किलोमीटर आहे. तुमच्या तीन सदऱ्यांचे सूत उलगडले तर ते पन्हाळ्याला पोहोचेल.

हे सूत हाताने कातायचे ठरवले तर? मी प्राथमिक शाळेत असताना कार्यानुभवाच्या तासाला आम्हांला टकळी देत. पेळूतून धागा ओढायचा, टकळीला गिरकी द्यायची, धागा गुंडाळायचा, पुन्हा ओढायचा. तास संपेपर्यंत माझ्या टकळीवर जे जमे ते दाखवायचीसुद्धा मला लाज वाटे. पण सराईत हात आणि चांगला चरखा असेल, तर तासाला साडेतीनशे वारांच्या आसपास सूत निघते. त्या वेगाने ७,४०० वारांना २१ तास लागतील. आणि ही फक्त कताई झाली. कापूस पिंजणे, पेळू करणे, सूत विणणे आणि शेवटी सदरा शिवणे हे सगळे वेगळे.

२१ हा आकडा लक्षात ठेवा. आपली पुढची गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

धंदा, पण कोणासाठी?

विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या भागात कापडाची यंत्रे आली. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली कापडगिरणी सुरू केली. आज ती बंद आहे, पण तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसे जुन्या कोल्हापुरात पुष्कळ होती. गिरणीतील यंत्रावर एकाच वेळी शेकडो चाती फिरतात. त्यामुळे एका माणसामागे निघणारे सूत चरख्याच्या कित्येक पट असते आणि म्हणून कापड स्वस्त होते.

याचा दुसरा परिणाम असा झाला, की खेड्यापाड्यांतून फावल्या वेळात सूत कातून चार पैसे मिळवणाऱ्या स्त्रियांचे काम गेले. शेतीची कामे नसतील त्या महिन्यांत घरात पैसा येण्याचा मार्गच उरला नाही. महात्मा गांधींनी १९२५ च्या सप्टेंबरात पाटणा येथे अखिल भारत चरखा संघ स्थापन केला तो ह्या स्त्रियांना काम देण्यासाठी. अध्यक्ष स्वतः गांधीजी आणि खजिनदार वर्ध्याचे जमनालाल बजाज. संघ कापूस पुरवी, सूत विकत घेई, ते विणकरांकडून विणून घेई आणि भांडारांतून खादी विकी. नफा कोणा मालकाच्या खिशात जात नसे. थोडक्यात सांगायचे तर आमच्या चार मुलांच्या वहीत जो धंदा होता, तोच देशभर पसरलेल्या रूपात.

आणि अडचणही तीच! धंद्याचे एक साधे समीकरण आहे:

तासाची मजुरी = (विक्रीची किंमत − इतर खर्च − सत्कार्यासाठी राखलेली रक्कम) ÷ लागलेले तास

छेदात २१ तास असतील तर अंश कितीही ओढूनताणून मोठा केला तरी भागाकार लहानच येणार. खादी फार महाग करता येत नव्हती, कारण शेजारच्या दुकानात गिरणीचे कापड होते. मग कातणारणीला मिळायचे ते दिवसाकाठी अगदी थोडे. गरिबांसाठी काढलेला उद्योग गरिबांच्याच स्वस्त श्रमांवर चालतो की काय, असा प्रश्न उभा राहिला.

समीकरण नीट पाहा. मजुरी वाढवण्याचे तीनच प्रामाणिक मार्ग त्यात दिसतात. किंमत वाढवा, इतर खर्च कमी करा किंवा तास कमी करा. चरखा संघाने ह्यांतले तास कमी करण्याचे आणि किंमत वाढवण्याचे दोन्ही मार्ग चोखाळले. पहिला मार्ग आपल्याला पदार्थविज्ञानाकडे नेतो.

एक लाख रुपयांचे कोडे

२४ जुलै १९२९ रोजी चरखा संघाने एक बक्षीस जाहीर केले. सुधारित चरखा तयार करणाऱ्याला एक लाख रुपये! ज्या काळी अनेक कुटुंबांचा महिना वीस-तीस रुपयांत भागे, त्या काळचे हे लाख रुपये. अटी अशा: चरखा हलका आणि सहज उचलून नेता येईल असा हवा. खेड्यातील घरात तो हाताने किंवा पायाने चालवता यावा. स्त्रीला फार श्रम न पडता त्यावर सलग आठ तास काम करता आले पाहिजे. किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नको. तो निदान २० वर्षे टिकावा आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. आणि मुख्य अट, आठ तासांत त्याने १२ ते २० नंबरचे १६,००० वार सूत दिले पाहिजे.

ही अट किती कठीण होती ते आपणच मोजू या. साधा चरखा तासाला ३५० वार देतो, म्हणजे आठ तासांत २,८०० वार. १६,००० वार म्हणजे त्याच्या जवळजवळ सहापट. सूत २० नंबरचे धरू. आठ तासांत २८,८०० सेकंद असतात. तेवढ्या वेळात १६,००० वार, म्हणजे दर सेकंदाला २० इंच. प्रत्येक इंचाला १८ फेरे. म्हणून दर सेकंदाला २० × १८ = ३६० फेरे, आणि मिनिटाला २१,६०० फेरे!

साध्या चरख्याचे मोठे चाक ६० सेंटीमीटर व्यासाचे आणि चात्याची जाडी साडेसात मिलिमीटर असेल, तर माळेने जोडलेले चाते चाकाच्या एका फेऱ्यात ८० वेळा फिरते. हाताने चाक मिनिटाला ६० वेळा फिरवले तर चाते ४,८०० फेरे घेते. चाकाचा व्यास वाढवून हा आकडा २१,६०० वर नेता येईल काय? कागदावर येईल. प्रत्यक्षात माळ घसरू लागेल, चाते थरथरेल, धारवा तापतील आणि धागा तुटेल. म्हणून एक चाते अतिवेगाने फिरवण्याऐवजी पाच-सहा चाती बेताच्या वेगाने फिरवणे हाच उपाय उरतो.

पण मग दुसरी अडचण येते. माणसाला हात दोनच. एक चाक फिरवतो, दुसरा पेळूतून धागा ओढतो. सहा पेळू ओढणार कोण? त्यासाठी रुळांच्या जोड्या बसवाव्या लागतात. मागची जोडी सावकाश फिरते, पुढची जलद. त्यामुळे मधला कापूस आपोआप ताणून बारीक होतो. गिरणीतील यंत्रांत हीच युक्ती असते. मात्र रुळांना डोळे नसतात! कातणारणीच्या बोटांना पेळूतला जाड-बारीकपणा जाणवतो आणि ती ओढ कमी-जास्त करते. रुळांना एकसारखाच पेळू लागतो. म्हणजे पिंजण आणि पेळू करण्याची पद्धतही सुधारायला हवी. शिवाय प्रत्येक जादा चाते आणि रूळ म्हणजे जादा घर्षण आणि ते सारे फिरवायचे एका स्त्रीच्या हातापायांनी, आठ तास. सुदृढ माणूस दिवसभर पायाने जे काम करू शकतो त्याची शक्ती सुमारे ७५ वॅट असते. नुसत्या हाताने त्याहूनही कमी. एका जुन्या विजेच्या दिव्याएवढ्या शक्तीत हे सगळे बसवायचे होते.

हे कोडे सोडवण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या शेजारीच झाला. कोल्हापूरहून मिरजेमार्गे पुण्याकडे निघालात, की सांगलीच्या पुढे किर्लोस्करवाडी स्टेशन लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या त्या माळावर कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर घडवले. ह्याच कारखान्यात काळे नावाच्या तंत्रज्ञाने तयार केलेला चरखा बक्षिसासाठी गेला. तो तपासला गेला, त्याची चर्चा झाली. पण सगळ्या अटींना तो पुरा पडला नाही. ते एक लाख रुपये कोणालाच मिळाले नाहीत.

म्हणून तो प्रयत्न वाया गेला असे मात्र नाही. १९५० च्या सुमारास तमिळनाडूच्या एकांबरनाथ यांनी रुळांनी धागा ताणणारा, अनेक चात्यांचा चरखा तयार केला. 'अंबर चरखा' हे त्याचे नाव त्यांच्याच नावावरून पडले. आजही अनेक खादी केंद्रांत सूत निघते ते त्याच्याच सुधारलेल्या रूपांवर.

मजुरीचा ठराव

यंत्र सुधारण्याला वर्षे लागतात. तोवर कातणारणीने काय करायचे? १९३५ साली गांधीजींनी दुसरा मार्ग धरला. आठ तासांच्या चांगल्या कामाला आठ आणे मिळाले पाहिजेत, असे त्यांनी म्हटले. तेव्हा १६ आण्यांचा रुपया होता. आपल्या सदऱ्याचे गणित इथे लावून पाहा. तासाला एक आणा, म्हणजे २१ तासांचे २१ आणे, म्हणजे नुसत्या कताईचे १ रुपया ५ आणे! पिंजारी, विणकर आणि शिंपी यांचे पैसे त्यावर. खादी इतकी महागली तर घेणार कोण, अशी भीती संघातील अनेकांना वाटली आणि ती खोटी नव्हती. अखेर संघाने किमान मजुरीचे तत्त्व मान्य केले. मात्र सुरुवातीचा प्रत्यक्ष दर आठ आण्यांच्या निम्म्यापर्यंतही पोहोचला नाही. तरीही जी मजुरी आधी बाजारावर सोडलेली होती, ती आता आधी ठरवायची आणि किंमत त्यावरून काढायची, हा बदल मोठा होता.

त्याच सुमारास वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबा भावे एक प्रयोग करीत होते. कातणारणीला जो दर मिळतो त्याच दराने दिवसाचे आठ-नऊ तास सूत कातायचे आणि त्या मजुरीत आपले जेवण बसते का ते पाहायचे. हा प्रयोगशाळेतील प्रयोगासारखाच काटेकोर प्रयोग होता. फरक इतकाच, की उपकरण स्वतःचे शरीर होते. दर ठरवणाऱ्याने त्या दरावर जगून पाहावे, ही कसोटी मला आजही महत्त्वाची वाटते.

गोष्टीचा शेवट एका कोर्टात होतो. चरखा संघ लाखो रुपयांची खादी विकतो, म्हणजे तो व्यापारी आहे, त्याने प्राप्तिकर भरावा, असे सरकारचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयात निकाल संघाच्या विरुद्ध गेला. प्रकरण लंडनच्या प्रीव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९४४ साली तेथे संघाच्या बाजूने निकाल लागला. विक्री करीत असला तरी संघाचा मूळ हेतू गरिबांच्या दारिद्र्याचे निवारण हा आहे, म्हणून तो धर्मादायच आहे, असे न्यायालयाने मान्य केले. वस्तू विकली म्हणून संस्था आपोआप व्यापारी ठरत नाही आणि तसेच नुसते 'सत्कार्य' असे नाव दिले म्हणून ती धर्मादायही होत नाही. तिच्या पैशाची वाट पाहावी लागते: तो कोठून येतो आणि कोणाकडे जातो.

झबल्याचा दुसरा हिशेब

दुसऱ्या दिवशी मुले पुन्हा आली. आम्ही सगळे काकूंकडे गेलो आणि भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवून एक झबले शिवायला लागणारा वेळ मोजला. कापण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत ५० मिनिटे. फॉल-बीडिंगच्या कामात काकूंना तासाला साधारण ६० रुपये पडतात. त्या दराने ५० मिनिटांचे ५० रुपये. दोरा, नाडी आणि बटणाचे ८. साड्या धुण्याचा साबण आणि उकळण्याचा गॅस मिळून ४. एकूण ६२ रुपये. विक्रीची किंमत ६०. म्हणजे दर झबल्यामागे दोन रुपये तोटा!

मुलांचे चेहरे उतरले. पहिल्या वहीतील ५२ रुपयांचा 'नफा' कोठून आला होता, हे आता त्यांना दिसले. त्यातील जवळजवळ सारे पैसे काकूंच्या न दिलेल्या मजुरीचे होते. गणवेश खरे तर काकूच देणार होत्या आणि तेही त्यांना न विचारता.

मग पुन्हा समीकरण मांडले. किंमत वाढवावी काय? जुन्या कापडाच्या झबल्याला जास्त कोणी देईना. खर्च कमी? १२ रुपयांत वाचण्यासारखे फार नव्हते. राहिले तास. एक मुलगी म्हणाली, "सर, एका चात्याऐवजी सहा चाती!" त्यांनी पुठ्ठ्याचा साचा कापला. साडीच्या आठ घड्या एकावर एक घालून आठ झबली एकदम कापली. आधी सगळ्यांचे खांदे, मग सगळ्यांचे गळे, मग सगळ्यांच्या बाजू, असे ओळीने शिवल्यामुळे दर वेळी दोरा आणि टाका बदलणे वाचले. धुणे, इस्त्री आणि कापणे मुलांनी आपण होऊन आपल्याकडे घेतले. काकूंचा वेळ झबल्यामागे ३० मिनिटांवर आला.

आता मजुरी ३०, इतर खर्च १२, एकूण ४२. उरले १८. चाळीस झबल्यांचे ७२० रुपये. तीन गणवेशांऐवजी एक. पण काकूंच्या हातात १,२०० रुपये पडले. पैसे घेताना त्या म्हणाल्या, "माझ्या कामाला किती वेळ लागतो ते पहिल्यांदाच कुणी मोजलं बघा." वहीत आता मजुरीचा रकाना सगळ्यांत पहिला आहे.

तुम्ही सुरू करणार असाल तर

जुन्या कापडाचा उद्योग तुमच्या शाळेतही सुरू होऊ शकतो. झबली नाही तर वाकळ, पिशव्या, परकर, काहीही. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून कापडी पिशव्यांना मागणीही आहे. शिक्षकांच्या मदतीने आधी काही गोष्टी तपासून घ्या.

कापड खरोखर सुती आहे का? कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहा (हे शिक्षकांसमोरच करा). सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. बाळाच्या अंगाला घाम टिपणारा सुती कपडाच हवा.

कापडात किती बळ उरले आहे? कापड उजेडापुढे धरा. विरळ झालेली जागा लगेच दिसते. मग अडीच सेंटीमीटर रुंदीची एक पट्टी उभ्या धाग्यांच्या दिशेने आणि एक आडव्या धाग्यांच्या दिशेने कापा. प्रयोगशाळेतील स्प्रिंगकाट्याला बांधून ओढा आणि किती भाराला ती फाटते याची नोंद करा. साडीच्या वेगवेगळ्या भागांतून पट्ट्या घेतल्यात तर नेसताना कोठे जास्त झीज होते तेही समजेल.

कापड स्वच्छ झाले का? सुती कापड साबणाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळा, उन्हात वाळवा आणि कडक इस्त्री करा. सूत ओले झाले की कमजोर न होता उलट थोडे बळकटच होते, म्हणून ते उकळण्याला दबत नाही.

आता पर्यावरणाचा हिशेब. जगाच्या सरासरीने एक किलो सुती कापडामागे शेतीपासून रंगाईपर्यंत सुमारे दहा हजार लिटर पाणी खर्ची पडते. सुती साडी अर्ध्या किलोची धरली तर तिच्यात पाच हजार लिटर पाणी 'विणलेले' आहे. पण म्हणून एक साडी वापरली की पाच हजार लिटर पाणी वाचले, असे लिहू नका. तुमचे झबले कोणी नव्या झबल्याऐवजी घेतले तरच तेवढ्या कापडाचे पाणी वाचते. नव्याच्या जोडीला घेतले, तर काहीच वाचत नाही. विज्ञानाच्या वहीत जसा फुगवलेला आकडा चालत नाही, तसा सत्कार्याच्या वहीतही चालू नये.

आणि शेवटचे. तुमच्या उद्योगात जो कोणी हाताने काम करतो त्याचा वेळ घड्याळ लावून मोजा आणि त्याला विचारून दर ठरवा. मोबदला मिळत असतानाही तो मोठ्या मनाने नको म्हणाला तर ते त्याचे दान झाले. त्याच्या नावाने वहीत जमा करा. आज घरी गेल्यावर तुमच्या सदऱ्याची शिवण उलटून पाहा. तिच्यातले टाके मोजा, ते घालायला किती मिनिटे लागली असतील याचा अंदाज करा आणि तो सदरा कितीला घेतला ते घरात विचारा. समीकरण तुम्हांला माहीतच आहे. भागाकार करून पाहा.